शब्द लेखी घ्या

केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,



वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट गावातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंड झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे लोखंड वितळत होते. कारखान्याचा मालक २००७ पासून टाटा स्टील. त्या वर्षी टाटांनी कोरस ही अँग्लो-डच पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी साम्राज्याची परतफेड झाल्याच्या थाटात मथळे दिले होते. भट्ट्या बंद करून विजेवर चालणारी भट्टी उभारायची, असे कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले आणि २,८०० पर्यंत नोकऱ्या जातील असेही सांगितले. निर्णयामागे तोट्याचे आकडे होते, कार्बनचे गणित होते, जुन्या यंत्रसामग्रीची अवस्था होती. तो चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. पण त्या गावाच्या दृष्टीने आपले भवितव्य ठरवणारा दूरदेशीचा मालक म्हणजे मुंबईच्या फोर्टातले टाटांचे मुख्यालय, बॉम्बे हाउस. आपल्याकडची एखादी नावाजलेली कंपनी परदेशी हातात गेली की ज्या काळजीने आपण बोलतो, तीच काळजी, तशीच्या तशी, तिथे आपल्याविषयी होती.

हे उदाहरण आधी घेतले, कारण या विषयावरची आपली चर्चा मालकाच्या देशापाशी सुरू होते आणि तिथेच अडकते. परदेशी मालक म्हणजे लूट, किंवा परदेशी पैसा म्हणजे प्रगती, या दोन ठरलेल्या आरोळ्या. यातली कुठलीच पुराव्यावर टिकत नाही. लार्सन अँड टुब्रोला आपण अभिमानाने देशी कंपनी म्हणतो. ती १९३८ मध्ये मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापन केली. एसीसी आणि अंबुजा या सिमेंटमधल्या दोन मोठ्या नावांवर स्विस कंपनी होल्सिमचे वर्चस्व २००५ नंतर आले आणि २०२२ मध्ये तो सगळा हिस्सा अदानी समूहाला विकून ती निघून गेली. मालकी येते-जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कंपनी विकत घेताना घेणारा जे बोलतो, ते आपल्या सरकारने लेखी घ्यावे, लोकांसमोर ठेवावे, आणि शब्द मोडला तर त्याची किंमत वसूल करावी. आज आपली व्यवस्था घेणाऱ्याचा पासपोर्ट बघते, त्याचा शब्द बहुतेक उद्योगांत नोंदवून घेत नाही. थेट परकीय गुंतवणुकीचे धोरण आपल्या मंत्रालयातून निघते, म्हणून पत्र आपल्याला.

तोंडी शब्दाची किंमत काय असते, याचा धडा ब्रिटनने २०१० मध्ये गिरवला. कॅडबरी ही चॉकलेटची कंपनी ताब्यात घेण्यासाठी अमेरिकेच्या क्राफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये हात घातला. ब्रिस्टलजवळ केन्शम इथला कॅडबरीचा सोमरडेल कारखाना बंद करून उत्पादन पोलंडला न्यायचे, असे कॅडबरीने स्वतःच २००७ मध्ये ठरवले होते. म्हणजे कुऱ्हाड घातली होती ती देशी मालकाने. क्राफ्टने मात्र बोली लावताना सांगितले, की आम्ही आलो तर हा कारखाना चालू ठेवता येईल असे आम्हाला वाटते. कामगारांना, स्थानिक खासदारांना, वर्तमानपत्रांना हे ऐकायला हवेच होते. २ फेब्रुवारी २०१० रोजी कॅडबरी क्राफ्टच्या ताब्यात आली आणि आठवडाभरात क्राफ्टने जाहीर केले, की पोलंडमधले काम फार पुढे गेले आहे, सोमरडेल बंदच होणार. सुमारे चारशे नोकऱ्या गेल्या. कारखाना तसाही बंद होणार होता, हे खरे. पण सौदा पटावा म्हणून जी आशा विकली गेली तिचा हिशेब कुणी द्यायचा? ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने मे महिन्यात क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. दंड नाही, काही नाही, नुसता ठपका. तरी त्यातून पुढे जे झाले ते महत्त्वाचे. २०११ मध्ये नियम बदलले. कंपनी, कामगार, कारखाने यांच्याबद्दल घेणारा जे मनसुबे सांगेल त्यांना त्याने किमान वर्षभर बांधील राहिले पाहिजे, असे ठरले. नंतर नुसता मनसुबा आणि पक्की हमी यांत फरक करण्यात आला; हमी म्हटले की तिची मुदत लिहायची, अटी लिहायच्या, आणि पाळली की नाही याचा अहवाल द्यायचा. जपानच्या सॉफ्टबँकेने २०१६ मध्ये आर्म ही चिपचे आराखडे बनवणारी केंब्रिजची कंपनी २४ अब्ज पौंडांना घेतली तेव्हा मुख्यालय केंब्रिजमध्येच ठेवू आणि पाच वर्षांत ब्रिटनमधले मनुष्यबळ दुप्पट करू, हे तिला अशाच हमीच्या स्वरूपात द्यावे लागले. या हमीने सगळे वाचले का? नाही. आर्मचे शेअर पुन्हा बाजारात आले ते २०२३ मध्ये, आणि लंडनऐवजी न्यूयॉर्कच्या नॅसडॅकवर. कारण त्याबद्दल कुणी काही लिहूनच घेतले नव्हते. लिहून न घेतलेले कधीच मिळत नाही, हा धड्याचा दुसरा भाग.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे ही वेळ सगळ्यात ठळकपणे आली ती औषध उद्योगात. २००६ मध्ये हैदराबादची मॅट्रिक्स लॅबोरेटरीज अमेरिकेच्या मायलानकडे गेली. २००८ मध्ये डाबर फार्मा जर्मनीच्या फ्रेझेनियसकडे आणि रॅनबॅक्सी जपानच्या दाइइची सांक्योकडे. २००९ मध्ये शांता बायोटेक्निक्स फ्रान्सच्या सनोफीकडे. हिपॅटायटिस बी ची देशी बनावटीची लस काढून जिने आयात लशीचे भाव खाली आणले, ती ही शांता. आणि मे २०१० मध्ये मुंबईच्या पिरामल हेल्थकेअरचा देशांतर्गत औषधांचा व्यवसाय अमेरिकेच्या अ‍ॅबटने ३.७२ अब्ज डॉलरना घेतला. तोवर औषध उद्योगात शंभर टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे आधी कुणाला न विचारता, करता येत होती; नवा कारखाना उभारणारा आणि उभा कारखाना विकत घेणारा यांत धोरण काही फरकच करत नव्हते. चार वर्षांतल्या या रांगेने सरकार खडबडून जागे झाले. स्वस्त जेनेरिक औषधे बनवणारी कंपनी महागड्या पेटंट औषधांच्या कंपनीने घेतली तर स्वस्त गोळी बनवण्यात तिला किती रस उरेल, हा प्रश्न तेव्हा आरोग्य खात्याने, डॉक्टरांनी, रुग्णांच्या संघटनांनी विचारला. नियोजन आयोगाचे सदस्य अरुण मायरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २०११ च्या अखेरीस नवा कारखाना आणि चालू कारखाना यांच्यासाठी वेगळे रस्ते झाले. चालू कंपनी घ्यायची तर सरकारची परवानगी आवश्यक ठरली.

त्या वादातून जे निष्पन्न झाले ते, मंत्रिमहोदय, आपल्याच मंत्रालयाच्या कागदपत्रांत आहे आणि माझ्या मते ते या विषयावरचे आपल्या देशातले सर्वांत शहाणपणाचे लिखाण आहे. जून २०१६ च्या धोरणबदलाने चालू औषध कंपनीत ७४ टक्क्यांपर्यंतची परकीय गुंतवणूक पुन्हा स्वयंचलित मार्गावर आणली, पण सोबत अटी ठेवल्या. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली जी औषधे कंपनी बनवते त्यांचे उत्पादन आणि देशातला पुरवठा पुढची पाच वर्षे घटता कामा नये. मोजपट्टी म्हणून आधीच्या तीन आर्थिक वर्षांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा. संशोधनावरचा खर्चही पाच वर्षे त्याच पद्धतीने टिकवायचा. तंत्रज्ञान कुठे हस्तांतरित होत असेल तर मंत्रालयाला पूर्ण माहिती द्यायची. विकणाऱ्या प्रवर्तकाला पुन्हा त्याच धंद्यात उतरायला मनाई करणारे कलम, विशेष परिस्थिती आणि सरकारी संमती सोडली, तर करारात घालायचे नाही. या अटी किती नेमक्या आहेत ते बघण्यासारखे आहे. त्यात राष्ट्राभिमान नाही, भावना नाही. एकेक आकडा आहे, एकेक मुदत आहे, आणि तुलनेचे वर्ष कोणते हेही आहे. घेणारा जपानी आहे की जर्मन, याच्याशी अटींना काही देणेघेणे नाही. कंपनीतले काय हरवले तर देशाचे नुकसान होईल, हे आधी शोधले आणि तेवढ्यालाच कुंपण घातले. नेमके हेच सूत्र बाकीच्या उद्योगांत का नाही?

अर्थात त्या सूत्रातही एक भोक आहे, आणि ते लगेच दिसले. चीनच्या फोसुन समूहाने हैदराबादच्या ग्लँड फार्मातला ८६ टक्के हिस्सा १.२६ अब्ज डॉलरना घ्यायचे २०१६ मध्ये ठरवले. ७४ च्या वर म्हणजे सरकारची परवानगी. ती लांबली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सौदा ७४ टक्क्यांवर, १.०९ अब्ज डॉलरवर आणून परवानगीचा प्रश्नच मिटवण्यात आला. यात बेकायदा काही नाही. पण ७४ टक्केवाला मालक आणि ८६ टक्केवाला मालक यांत कारखान्याच्या दाराशी उभ्या माणसाला काय फरक वाटावा? निम्म्याहून अधिक शेअर हातात आले की संचालक मंडळ आपले.  दाराची उंची टक्केवारीने मोजली की घेणारा थोडा वाकून आत येतो. पुढे एप्रिल २०२० मध्ये, कोविडने शेअर बाजार कोसळलेला असताना, चीनच्या मध्यवर्ती बँकेकडे एचडीएफसीचे एक टक्क्याहून किंचित जास्त शेअर असल्याचे दिसले आणि थोड्याच दिवसांत प्रेस नोट ३ निघाली. ज्या देशांची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे तिथून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारी परवानगी बंधनकारक झाली. सुरक्षेच्या दृष्टीने तिला अर्थ होता, मी तिला विरोध करत नाही. मात्र बघा, २०१६ मध्ये आपण ‘काय जपायचे’ हे विचारत होतो, २०२० मध्ये ‘कुठून आलात’ हे विचारू लागलो. दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणूनच तो पहिल्याची जागा घेतो. सीमेपलीकडच्या शेजाऱ्याची छोटीशी थेट गुंतवणूकही दिल्लीत फाइल होऊन फिरू लागली, आणि दूरच्या देशातला खरेदीदार बहुतेक क्षेत्रांत अख्खी कंपनी एकही हमी न देता घेऊन जातो.

एकही हमी न देता, हे शब्द जपून वापरले आहेत, कारण आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा राखणदार वेगळ्या दारावर उभा आहे. सेबीचे २०११ चे ताबा नियम छोट्या भागधारकासाठी आहेत: कुणी २५ टक्क्यांची पायरी गाठली, की त्याने बाकीच्यांकडून आणखी २६ टक्के घेण्याची ओपन ऑफर द्यायची, म्हणजे प्रवर्तकाला मिळणाऱ्या चढ्या भावात सामान्य भागधारकालाही वाटा मिळतो. स्पर्धा आयोग ग्राहकासाठी आहे. रिझर्व्ह बँक परकीय चलनाचा हिशेब बघते. कामगार, संशोधन, कारखान्याचे गाव, सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक, यांच्या बाजूने सौद्याच्या टेबलावर कुणाचीही खुर्ची नाही. कामगाराची स्थिती तर विचित्रच आहे. कंपनीचे दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झाले तर योजना न्यायव्यवस्थेपुढे जाते. टाटा ऑइल मिल्स (टॉम्को) १९९३ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ती हरली, पण निदान टॉम्कोच्या कामगारांची नोकरी सलग धरली जाईल आणि सेवाशर्ती कमी केल्या जाणार नाहीत हे योजनेत लिहिलेले होते आणि न्यायालयाने ते वाचले. तीच कंपनी नुसते शेअर विकून गेली, तर कायद्याच्या लेखी मालक बदललेलाच नसतो. कंपनी तीच, करार तेच, कागदावर काहीच घडलेले नाही! आजचे बहुतेक मोठे ताबे हे असेच, शेअरखरेदीचे असतात. गंमत अशी, की शब्दाला बांधून ठेवण्याचे बीज सेबीच्या नियमांत आधीपासून आहे. कंपनीची महत्त्वाची मालमत्ता विकण्याचा इरादा घेणाऱ्याने ओपन ऑफरच्या कागदपत्रांत जाहीर केला नसेल, तर पुढची दोन वर्षे, भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय, त्याला ती विकता येत नाही. म्हणजे भूखंड आणि इमारत यांबद्दलचे मौन कायद्याने आपण बंधनकारक मानतो. प्रयोगशाळा आणि तिच्यातली माणसे यांबद्दलचे तोंडभर आश्वासन मात्र हवेत सोडून देतो.

मागणी त्यामुळे फार मोठी नाही. ठरावीक आकाराच्या वर गेलेली चालू भारतीय कंपनी परदेशी नियंत्रणाखाली जात असेल, मग मार्ग स्वयंचलित असो वा परवानगीचा, तर घेणाऱ्याने एक हमीपत्र द्यावे. मुख्यालयाचे निर्णय कुठे होतील. कोणते कारखाने किती वर्षे चालू राहतील. संशोधनाचा खर्च आधीच्या तीन वर्षांतल्या उच्चांकाखाली जाणार नाही. इथे विकसित झालेले पेटंट आणि नाममुद्रा समूहातल्या परदेशी कंपनीच्या नावावर फुकट किंवा नाममात्र किमतीला जाणार नाहीत. पुरवठादारांचे करार एकाएकी तुटणार नाहीत. यातले ज्याबद्दल हमी द्यायची नसेल त्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. तेही चालेल, निदान लोकांना कळेल. हे पत्र कंपनीच्या ओपन ऑफरइतकेच सार्वजनिक असावे, दरवर्षी लेखापरीक्षकाच्या सहीने त्याचे पालन कळवावे, आणि मोडल्यास सौद्याच्या किमतीच्या प्रमाणात दंड असावा. प्रमाणात, हा शब्द महत्त्वाचा. हजारो कोटींच्या सौद्यात लाखांचा दंड म्हणजे नुसती पावती.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: असे केले तर गुंतवणूकदार पळून जाईल. पुरावा उलटे सांगतो. औषध उद्योगात २०१६ च्या अटी असतानाच ग्लँडचा अब्ज डॉलरांचा सौदा झाला; खरेदीदाराने धडपड केली ती परवानगीची अनिश्चितता टाळण्यासाठी, अटी टाळण्यासाठी नव्हे. एल अँड टी चा वीज आणि स्वयंचलन साधनांचा व्यवसाय, ज्याचे कारखाने अहमदनगर आणि नवी मुंबईसारख्या ठिकाणी होते, फ्रान्सच्या श्नायडरने १४,००० कोटींना घ्यायचे २०१८ मध्ये ठरवले. स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये मान्यता दिली ती अटींवर: उत्पादनक्षमतेचा काही भाग प्रतिस्पर्ध्यांसाठी राखून त्यांच्या नावाने माल बनवून द्यायचा. श्नायडर पळून गेली नाही. २०२० मध्ये सौदा पुरा झाला. आणि खुल्या बाजाराचे पाठ साऱ्या जगाला देणाऱ्या अमेरिकेकडे बघा. जपानच्या निप्पॉन स्टीलने यूएस स्टील १४.९ अब्ज डॉलरना घ्यायची म्हटल्यावर बायडेन यांनी जानेवारी २०२५ मध्ये ती अडवली, ट्रम्प यांनी जूनमध्ये मान्य केली, पण सरकारच्या हाती एक ‘सुवर्ण शेअर’ ठेवून: मुख्यालय पिट्सबर्गबाहेर न्यायचे, कंपनीचे नाव बदलायचे, कारखाने बंद करायचे तर अध्यक्षांचा नकाराधिकार. वर २०२८ पर्यंत ११ अब्ज डॉलरची नवी गुंतवणूक. निप्पॉनने हे सारे मान्य केले. अमेरिकेचा हा मार्ग आपण घ्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. एका माणसाच्या मर्जीवर टांगलेला नकाराधिकार हा नियम नसतो, दरबार असतो. गुंतवणूकदाराला भीती वाटते ती उद्या काय होईल हे न कळण्याची. आधीच छापलेली, सर्वांना सारखी लागू असलेली अट तो किमतीत धरतो आणि पुढे जातो.

किमतीत धरतो, म्हणजे विकणाऱ्याला कमी मिळते. हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. कंपनी ज्याने उभी केली त्याला ती सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे. त्या पैशातून तो नवे काही उभे करतो. याची चांगली उदाहरणे आहेत. टाटांनी १९९८ मध्ये लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची नाममुद्रा हिंदुस्तान लिव्हरला दिली, त्या कंपनीचे नाव ट्रेन्ट झाले आणि वेस्टसाइडची दुकाने उभी राहिली. पण विक्रीचा पैसा आपोआप सत्कारणी लागतो असेही नाही. रॅनबॅक्सीच्या प्रवर्तकांना त्यांच्या हिश्श्यासाठी साडेनऊ हजार कोटींच्या आसपास मिळाले. सौद्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेच्या औषध नियामकाने देवास आणि पौंटा साहिब इथल्या कारखान्यांतल्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. महत्त्वाची माहिती लपवली म्हणून सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये जपानी कंपनीच्या बाजूने निवाडा दिला, आणि त्या पैशांच्या वसुलीतून उभा राहिलेला अवमानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात प्रवर्तकांना तुरुंगवासाची शिक्षा होईपर्यंत गेला. फसला तो परदेशी खरेदीदार. तोंडी विश्वासाचे नुकसान दोन्ही बाजूंना होते, हे यावरून दिसावे. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल सांगायचे तर जमीन विकणाऱ्यालाही वहिवाटीचा रस्ता बंद करून विकता येत नाही. मोठी कंपनी एकट्या प्रवर्तकाच्या कष्टांवर उभी राहत नाही; सवलतीची जमीन, करमाफी, सार्वजनिक बँकांचे कर्ज, सरकारी प्रयोगशाळांचे ज्ञान तिच्यात मुरलेले असते. किमतीतला थोडा भाग त्या वहिवाटीपोटी गेला, तर तो अन्याय ठरत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र तिसराच. अटी परदेश्यांनाच का? गिरणगावातल्या गिरण्या कुणा परदेशी कंपनीने बंद केल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर यंत्रे भंगारात गेली, जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले, ते अस्सल देशी मालकांच्या हातून. यावर मला पळवाट काढायची नाही. तर्काने बघितले तर मोठी कंपनी घेणाऱ्या देशी समूहालाही असेच हमीपत्र लागू व्हावे, आणि एक दिवस व्हावे. सुरुवात परदेशी खरेदीपासून करावी याची दोन व्यावहारिक कारणे आहेत. एक, तिथे धोरणाचे दार आधीच आहे, नवा कायदा न करताही त्याच्या चौकटीवर अट लावता येते. दुसरे असे, की जगभर पसरलेल्या समूहात इथला कारखाना आपोआप पोलंडच्या, व्हिएतनामच्या, मेक्सिकोच्या कारखान्याशी दर तिमाहीला तोलला जातो. तो इथे फायद्यात असूनही तिथे जास्त फायदा म्हणून बंद होऊ शकतो. देशातच राहणाऱ्या मालकाला असे पर्याय कमी असतात, आणि त्याला गाठायला कामगार, न्यायालय, विधानसभा, वृत्तपत्रे, सगळेच जवळ असते. हा फरक स्वभावाचा नाही, अंतराचा आहे.

कुठे थांबायचे तेही सांगायला हवे, नाहीतर प्रत्येक सरबताच्या बाटलीवर सरकारी शिक्का हवा असे कुणी म्हणेल. पार्लेच्या चौहान बंधूंनी १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा या नाममुद्रा कोका-कोलाला विकल्या. गोल्ड स्पॉट बाजारातून नाहीसा झाला, फँटा आला; थम्स अप मात्र टिकला आणि २०२१ मध्ये वर्षाला अब्ज डॉलर विक्रीची नाममुद्रा झाला. गोल्ड स्पॉटसाठी हळहळणाऱ्या पिढीबद्दल मला सहानुभूती आहे, पण ते अश्रू पुसणे हे सरकारचे काम नाही. ज्यात देशाला पर्याय सहज मिळतो तिथे बाजाराला मोकळे सोडावे. लस, अत्यावश्यक औषध, वीजवहनाची साधने, संरक्षणाला लागणारे भाग, पतपुरवठा, बियाणे, आणि ज्या कंपनीवर एखादा अख्खा तालुका जगतो ती कंपनी, अशांपुरतीच ही मागणी आहे. यादी कोणती असावी यावर वाद होईल. तो संसदेत उघडपणे व्हावा.

राहिला प्रश्न देखरेखीचा. अटी छापणे सोपे, पाळून घेणे कठीण, असे आपले अधिकारी सांगतील. पोर्ट टॅलबॉटकडे या बाबतीत पुन्हा बघावे लागते. सव्वा अब्ज पौंडांच्या नव्या विद्युतभट्टीसाठी ब्रिटन सरकारने टाटा स्टीलला ५० कोटी पौंडांचे अनुदान दिले, आणि सप्टेंबर २०२४ च्या करारात किमान पाच हजार नोकऱ्या टिकल्या नाहीत तर अनुदान परत घेण्याचा हक्क राखून ठेवला. २००७ मध्ये त्यांच्या हाती असा कागद नव्हता. सतरा वर्षे उशिरा आणि स्वतःचे ५० कोटी पौंड घालून त्यांना तो मिळवावा लागला. आपल्याकडे औषध उद्योगापुरता तसा कागद २०१६ पासून आहे, फुकटात मिळालेला. पण त्याची देखरेख मंत्रालये आणि नियामक यांच्यात राहते. त्या तरतुदीखालच्या पहिल्या मोठ्या सौद्यांपैकी एकाची, ग्लँडची, पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपलीसुद्धा. खरेदीपूर्वीच्या तीन वर्षांत अत्यावश्यक औषधांचे उत्पादन किती होते, संशोधनावर किती खर्च होत होता, आणि पुढच्या पाच वर्षांत दर वर्षी ते आकडे किती होते, हे एका पानावर मावेल. कदाचित अट तंतोतंत पाळली गेली असेल, कदाचित आकडे दुपटीने वाढलेही असतील. तसे असेल तर अटींमुळे गुंतवणूक मरते म्हणणाऱ्यांना देण्यासाठी आपल्याजवळ त्याहून चांगले उत्तर नसेल. ते पान आपल्या मंत्रालयाने प्रसिद्ध करावे, आणि त्याखाली मुदत पूर्ण झालेल्या बाकीच्या कंपन्यांची पाने एकेक करून लावावीत.

कळावे,

आपला नम्र,
एक नागरिक